‘टीव्ही गेला’ असे म्हणण्यापूर्वी



या पाठाचा विषय आपल्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेला आहे. टीव्ही किती वेळ पाहावा, त्यावर काय पाहावे, याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ते सगळे आज बाजूला ठेवू. आजचा प्रश्न साधा आहे. काल रात्रीपर्यंत नीट चालणारा टीव्ही आज संध्याकाळी लागतच नाही. आता काय करावे?

घरात पहिला प्रश्न बहुधा असा निघतो, “कोणी काय केलं याला?” मग शोध सुरू होतो. शेवटी रिमोट कोणाकडे होता? मुलाने गेम लावला होता का? आजींनी पुन्हा ते लाल बटण दाबले का? दुपारभर घरी एकट्या असणाऱ्या आजी गोंधळून म्हणतात, “मी काहीच नाही गं केलं.” आणि पुढे टीव्ही दुरुस्त झाला तरी त्या रिमोटला हात लावायला बिचकतात. घरातल्या माणसाच्या मनात बसलेली ही भीती दुरुस्तीच्या कोणत्याच बिलात लिहिलेली नसते. ज्या वयात गुडघे जिना उतरू देत नाहीत आणि वर्तमानपत्रातले बारीक अक्षर दिसत नाही, त्या वयात दुपारचे कीर्तन, बातम्या, एखादी मालिका ही सोबत असते. ती सोबत तुटली आणि वर दोषही माथी आला, तर त्या माणसाने काय करावे?

म्हणून सर्वांत आधी एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. रिमोटचे चुकीचे बटण दाबल्याने टीव्ही जळत नाही. फार तर इनपुट बदलते, भाषा बदलते, आवाज बंद होतो. हे सारे परत आणता येते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि येथे हिंदी लेख मराठीत आणण्याची थोडी सेवा करते. त्यामुळे शब्दांकडे लक्ष जायची सवय लागली आहे. हिंदीत लोक म्हणतात, “टीवी खराब हो गया.” आपण मराठीत सरळ म्हणतो, “टीव्ही गेला.” माणूस गेल्यावर वापरतो तोच शब्द! एकदा ‘गेला’ म्हटले की पुढचा विचार नवीन घेण्याचाच होतो. त्याऐवजी “टीव्हीतले नेमके काय गेले?” असे विचारून पाहा. या प्रश्नाने चित्र किती बदलते, ते पुढे दिसेलच. पुष्कळदा उत्तर असे येते की टीव्हीतले काहीच गेलेले नाही.

पहिली दोन मिनिटे

एक अपवाद आधी. जळका वास, धूर, ठिणगी किंवा चटचट असा आवाज आला असेल, तर अभ्यास वगैरे काही नाही. टीव्हीला हात न लावता मुख्य बोर्डावरचा एमसीबी खाली करा, मुलांना दूर न्या, पाणी अजिबात मारू नका आणि जाणकाराला बोलवा.

तसे काही नसेल, तर भिंतीवरचे बटण बंद करून टीव्हीची पिन सॉकेटमधून पूर्ण काढा आणि दोन मिनिटे थांबा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतो, तो डुलकी घेत असतो. आजचा स्मार्ट टीव्ही म्हणजे एक संगणकच आहे आणि संगणकासारखाच तो कधी कधी अडकून बसतो. पिन काढली की आत साठलेली वीज ओसरते, स्मृती रिकामी होते आणि तो नव्याने सुरू होतो. ही दोन मिनिटे घरातल्या माणसांनाही उपयोगी पडतात. या वेळात कोणी कोणाला काही विचारायचे नाही, एवढा नियम पाळून पाहा.

यानंतरही टीव्ही लागला नाही तर तपासणी बाहेरून आत करत यावी. भिंत, मग तारा, मग सेट टॉप बॉक्स, मग रिमोट आणि सर्वांत शेवटी टीव्ही. आपण नेमके उलटे करतो. महागड्या वस्तूवर आधी संशय घेतो आणि वीस रुपयांच्या सेलकडे पाहतही नाही.

टीव्हीवरचा छोटा दिवाही लागत नसेल, तर त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावा. चार्जिंग होत नसेल तर बिघाड भिंतीत आहे. स्पाइक गार्ड किंवा एक्स्टेंशन बोर्ड वापरत असाल तर तो वगळून पिन थेट भिंतीत लावून पाहा. झाडू मारताना त्याचे बटण पायाने बंद होणे ही अगदी रोजची गोष्ट आहे.

दिवा लागतो, पण रिमोटने काही होत नाही? मोबाईलचा समोरचा कॅमेरा चालू करा, रिमोटचे टोक त्याच्याकडे करा आणि कोणतेही बटण दाबा. रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी बोलतो. कॅमेऱ्याला ते किरण दिसतात आणि पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. ठिपका दिसला तर रिमोट जिवंत आहे. नाही दिसला तर दोन्ही सेल एकदम बदला. एक जुना आणि एक नवा असे करू नका. सेल गळून स्प्रिंगवर पांढरे साठले असेल तर ते कोरड्या कापडाने खरवडून काढा. टीव्हीच्या खालच्या किंवा मागच्या कडेला एक छोटे बटण असते, त्यानेही टीव्ही सुरू होतो. ते कुठे आहे, हे बिघाड नसतानाच शोधून ठेवलेले बरे.

पडदा बोलतो, तो वाचावा

‘नो सिग्नल’ ही अक्षरे पाहून लोक टीव्ही बिघडला असे म्हणतात. थोडा विचार करा. ती अक्षरे कोणी लिहिली? टीव्हीनेच. म्हणजे त्याला वीज मिळते आहे, त्याचा पडदा उजळतो आहे, आतला मुख्य बोर्ड विचार करतो आहे. तो बिचारा एवढेच सांगतो की माझ्याकडे काही येत नाही.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. चित्र फाटत असेल, चौकटी चौकटी होत असतील, काहीच येत नसेल, तेव्हा टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवरचे मेनूचे बटण दाबा. मेनू स्वच्छ, सरळ, नीट रंगात दिसला तर दोष बाहेरून येणाऱ्या गोष्टीत आहे. मेनूवरूनही रेषा जात असतील, त्याचाही अर्धा भाग काळा असेल, तर दोष टीव्हीच्या आत आहे. या एका बटणाने निम्मे कोडे सुटते, आणि मेकॅनिकला फोन करताना आपण “टीव्ही गेला” याच्यापेक्षा उपयोगाचे काही सांगू शकतो.

दोष बाहेर असेल तर आधी इनपुट किंवा सोर्सचे बटण पाहा. सेट टॉप बॉक्स एचडीएमआय १ वर आणि टीव्ही एचडीएमआय २ वर, एवढ्यानेही घर अंधारात बसते. मग वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. मग बॉक्सची पिन काढून दोन मिनिटे थांबा. रिचार्ज संपला असेल तर बहुधा पडद्यावर तसा निरोप असतो, पण तो इंग्रजीत असल्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना कळत नाही.

छतावरच्या छत्रीबद्दल थोडे सविस्तर. जोराचा पाऊस आला की चित्र जाते, यात कोणाचाच दोष नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी ज्या कंपनसंख्येच्या असतात, त्या पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. सर ओसरली की चित्र आपोआप येते. अशा वेळी छतावर चढू नका. ओली गच्ची, वारा आणि विजांचा कडकडाट या तिन्हींपुढे कोणतीही मालिका मोठी नाही. पाऊस थांबूनही चित्र आले नाही तर छत्री हलली असण्याची शक्यता आहे. वारा, माकड, कबुतर, पतंगाचा मांजा, यातले काहीही पुरते. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. छत्री केवळ एका अंशाने सरकली तरी तिची नजर तिथे ६०० किलोमीटरहून अधिक बाजूला जाते. म्हणून ती अंदाजाने हाताने हलवण्यात अर्थ नसतो. ते काम सिग्नल मोजून करणाऱ्याला करू द्यावे.

पूर्वी हे काम घरचेच लोक करत. एक जण गच्चीवर ॲंटेना फिरवतो आहे, दुसरा खिडकीतून ओरडतो आहे, “आलं, आलं... गेलं!” २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले आणि पुढे दीड वर्ष रविवारची सकाळ देशभर त्याची झाली. ज्यांनी तो काळ पाहिला ते सांगतात की गल्लीत एखादाच टीव्ही असे, आणि तो रविवारी बिघडला तर सगळी गल्ली हळहळे. तेव्हा पडद्यावर ‘मुंग्या’ यायच्या. त्या मुंग्यांतला अगदी थोडा अंश विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशाच्या उरलेल्या लहरींचा असे, हे वाचले तेव्हा मला फार गंमत वाटली. आजच्या टीव्हीत सिग्नल नसला की निळा किंवा काळा पडदा येतो. मुंग्या गेल्या, त्यांच्याबरोबर ती गोष्टही गेली.

स्मार्ट टीव्हीत आणखी एक प्रकार होतो. टीव्ही चालतो, वाहिन्या दिसतात, पण भजनाचे किंवा व्हिडिओचे ॲप उघडत नाही. आधी मोबाईलवर त्याच वायफायने इंटरनेट चालते का पाहा. मग टीव्हीची तारीख आणि वेळ तपासा. तारीख चुकीची असेल तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि ॲप उघडत नाही. न लागणारी ॲप काढून जागा मोकळी करा. टीव्ही बराच जुना असेल तर काही ॲप त्याला कायमची सोडून देतात. तरीही टीव्ही निकामी होत नाही. एचडीएमआयमध्ये लावायची छोटी स्टिक त्याला पुन्हा चालवते.

आवाज येतो, चित्र नाही

हा बिघाड सर्वांत जास्त समजून घेण्यासारखा आहे, कारण याच ठिकाणी चांगला टीव्ही भंगारात जातो. पडदा काळा ठिक्कर, पण बातम्या ऐकू येतात. किंवा टीव्ही लावला की दोन सेकंद चित्र चमकते आणि काळे होते, आवाज मात्र चालू राहतो.

ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणतो, त्याचा पडदा स्वतः उजेड देत नाही. तो रंगीत काचेच्या खिडकीसारखा असतो. खिडकीवर कितीही सुंदर नक्षी असली तरी मागून उजेड आला तरच ती दिसते. या पडद्यामागे छोट्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. त्यांना बॅकलाइट म्हणतात. त्या विझल्या की चित्र तयार होत राहते, दिसत मात्र नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर खोलीत पूर्ण अंधार करा. टीव्ही चालू ठेवा आणि मोबाईलची बॅटरी पडद्याच्या अगदी जवळ तिरकी धरा. माणसांच्या अंधुक आकृत्या हलताना दिसल्या तर पडदा, म्हणजे टीव्हीचा सर्वांत महाग भाग, शाबूत आहे. फक्त मागचे दिवे किंवा त्यांना वीज देणारा भाग गेला आहे. (ओएलईडी प्रकारच्या टीव्हीत मागे दिवे नसतातच, तिथे ही कसोटी लागू नाही.) बॅटरीच्या उजेडातही काही दिसले नाही, तर दोष पडद्यात किंवा त्याला चित्र पोहोचवणाऱ्या बोर्डात असू शकतो आणि ते जाणकारानेच पाहायचे.

एवढे सगळे दिवे एकाच वेळी कसे जातात? ते एकाच वेळी जात नाहीत. दिवाळीची जुनी माळ आठवा. एक बल्ब उडाला की पूर्ण माळ विझायची. पट्टीवरचे दिवे तसेच एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की त्या ओळीतला प्रवाह थांबतो. वीज पुरवणाऱ्या भागाला गडबड जाणवते आणि तो सुरक्षेसाठी सगळेच बंद करतो. चित्र दोन सेकंद चमकून जाते, ते यामुळेच.

ही दुरुस्ती होते आणि नवीन पडद्याच्या मानाने ती पुष्कळ स्वस्त पडते. पण तिच्यासाठी पातळ पडदा सावधपणे उचलून बाजूला ठेवावा लागतो. थोडा दाब पडला तरी तो तडकतो. म्हणून मेकॅनिकला दोन गोष्टी आधीच विचारा. एक, “सगळ्या पट्ट्या बदलणार की एकच?” सगळे दिवे सारखेच तास जळलेले असतात, आज एक गेला तर बाकीचेही म्हातारेच असतात. एका दिव्याला बगल देऊन तार जोडली तर टीव्ही लागेल, पण ती तात्पुरती सोय आहे. दोन, “उघडताना पडदा फुटला तर जबाबदारी कोणाची?” हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरी विचारावा, आणि उत्तर कागदावर घ्यावे.

बॅकलाइटचे आयुष्य आपल्याही हातात आहे. दिवे उष्णतेने लवकर थकतात. दुकानात टीव्ही भडक दिसावा म्हणून सगळे पूर्ण क्षमतेवर लावलेले असते, आणि घरी आल्यावरही पुष्कळ जण ते तसेच ठेवतात. मेनूत चित्राच्या विभागात बॅकलाइट नावाचा आकडा असतो, तो डोळ्यांना रुचेल इतका खाली आणा. ब्राइटनेस हा बहुधा वेगळा आकडा असतो. त्याने काळा रंग किती काळा दिसेल ते बदलते, दिव्यांचा भार कमी होत नाही.

उभ्या रंगीत रेषा, अर्धा पडदा पांढरा, कोपऱ्यातून पसरणारी शाई, ही मात्र पडद्याच्या आजाराची लक्षणे आहेत. खेळताना चेंडू लागून पडदा तडकला असेल तर तो सहसा वॉरंटीतही बसत नाही.

मागचे झाकण आपले नाही

आजकाल दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याची हिंमत येते. कृपया येथे थांबा. २३० व्होल्टची घरची वीज टीव्हीच्या वीजपुरवठ्याच्या बोर्डात गेल्यावर तिथल्या एका कपॅसिटरमध्ये साधारण ३२५ व्होल्टपर्यंत साठते. पिन काढल्यावरही, विशेषतः बोर्ड बिघडलेला असताना, ती तिथे राहू शकते. दोन मिनिटांचा आपला नियम टीव्ही पुन्हा सुरू करण्यासाठी आहे, आत हात घालण्यासाठी नाही. जुना, मागे कुबड असलेला टीव्ही तर आणखी घातक. त्याच्या नळीत वीस हजारांहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि तो टीव्ही बंद केल्यावरही टिकून राहू शकतो.

त्या जुन्या टीव्हीला वरून एक थाप मारली की तो सुरू होई, हे अनेकांनी पाहिले असेल. आतला एखादा सोल्डरचा जोड सैल झालेला असे आणि धक्क्याने तो तात्पुरता टेके. आजच्या पातळ टीव्हीला तशी थाप मारली तर पडदाच जाईल.

मदत मागताना सावध

मला या पाठात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि यात तारांचा काही संबंध नाही. टीव्ही बंद पडला की आपण मोबाईलवर कंपनीचे नाव आणि कस्टमर केअर असे शोधतो. जो पहिला क्रमांक दिसतो, तो लावतो. भामट्यांना हे ठाऊक आहे, म्हणून ते खोटे क्रमांक तिथे पेरून ठेवतात. पलीकडून गोड आवाजात सांगितले जाते, “फक्त दहा रुपये भरून तक्रार नोंदवा”, “हे ॲप घ्या म्हणजे आम्हाला तुमचा मोबाईल दिसेल.” टीव्ही राहतो बाजूला आणि खाते रिकामे होते.

क्रमांक घ्यायचा तो बिलावरून, वॉरंटी कार्डावरून, टीव्हीच्या माहितीपुस्तिकेतून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पडदा दाखवणारे ॲप घ्यायचे नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो, हे वाक्य घरातल्या ज्येष्ठांना पाठ करून द्या. तरीही फसवणूक झाली तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते, आणि पुन्हा “कोणी केलं?” यात ते घालवायचे नसते.

वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या कारागिराला टीव्ही उघडू देऊ नका, वॉरंटी जाऊ शकते. ती संपली असेल तर गल्लीतला अनुभवी टीव्हीवाला उत्तम. तो टीव्ही घेऊन जाणार असेल तर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या, मागच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. अंदाजे खर्च आधी विचारा, बदललेले जुने भाग परत मागा. यात अविश्वास नाही, व्यवहार आहे. चांगल्या कारागिराला असा ग्राहक आवडतो. आणि त्याने येऊन नुसती सैल वायर घट्ट केली तरी त्याचे येण्याचे पैसे खुशीने द्या. त्याचे ज्ञान आणि त्याचा वेळ आपण वापरला आहे.

वॉरंटीत असूनही कंपनी किंवा दुकान टोलवाटोलवी करत असेल तर गप्प बसू नका आणि भांडूही नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथेही काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. यासाठी एकच गोष्ट हाताशी हवी, ती म्हणजे पक्के बिल. बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढावा.

दुरुस्ती की नवीन?

येथे माझा अभ्यासक्रम थोडा उपयोगी पडतो. घरात वाद होतो तो असा, “वीस हजारांचा टीव्ही आहे, असा कसा टाकायचा?” किंवा उलट, “जुन्यावर कशाला पैसे घालायचे?” वाणिज्याच्या पहिल्या वर्गात शिकवतात की जो पैसा खर्च होऊन गेला तो पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. टीव्ही वीस हजारांना घेतला की दहा, हे आता गैरलागू आहे. पुढचे पाहायचे.

समजा, दुरुस्तीला ३,००० रुपये लागणार आहेत आणि त्यानंतर टीव्ही ३ वर्षे चालेल असे कारागीर प्रामाणिकपणे सांगतो. म्हणजे वर्षाला १,००० रुपये. समजा, नवीन टीव्ही १५,००० रुपयांना येतो आणि तो ७ वर्षे चालतो. म्हणजे वर्षाला सुमारे २,१४० रुपये. येथे दुरुस्ती सरळ स्वस्त आहे. पण पडदाच बदलायचा असेल आणि त्याला १०,००० सांगत असतील, तर ३ वर्षांच्या हिशोबाने वर्षाला ३,३०० हून अधिक पडतात. मग नवीन घ्यावा. आकडे आपापल्या घरचे घाला, रीत हीच ठेवा. दुरुस्तीवर किती दिवसांची हमी आहे, हेही त्यात धरा.

या हिशोबात न बसणारी एक गोष्ट आहे. ज्येष्ठांना हाताला सवय झालेला रिमोट मोलाचा असतो. नवा टीव्ही म्हणजे त्यांच्यासाठी नवे शिक्षण. घ्यावाच लागला तर रिमोटवरच्या रोजच्या चार बटणांवर रंगीत ठिपके लावा, बाकीच्या बटणांवर चिकटपट्टी लावा, आणि घाई न करता दोन-तीन दिवस शेजारी बसून दाखवा.

जुना टीव्ही देताना

जुन्या नळीच्या टीव्हीच्या काचेत शिसे असते. एलईडीच्या आधीच्या पातळ टीव्हींत मागच्या दिव्यांत पारा असे. रस्त्यावरच्या भंगारात हे फोडले जाते, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, आणि तो धूर जाळणाऱ्याच्या छातीत जातो. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. नवीन टीव्ही घेताना दुकानात जुना परत घेण्याबद्दल विचारा, किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या.

स्मार्ट टीव्ही असेल तर देण्यापूर्वी त्यातली आपली सगळी खाती बंद करा आणि मेनूतून फॅक्टरी रीसेट करा. पडदा काळा असल्यामुळे ते जमत नसेल, तर मोबाईलवरून त्या खात्यात जाऊन तो टीव्ही यादीतून काढून टाका. रिमोट, स्टँड, स्क्रू एका पिशवीत घालून सोबत द्या. टीव्ही आडवा न ठेवता उभाच न्या, दोघांनी धरून. आणि पाठीमागे एक चिठ्ठी चिकटवा. “बॅकलाइट गेली आहे, पडदा चांगला आहे” किंवा “पडदा फुटला आहे, बोर्ड चालू आहेत”, जे असेल ते. कोणाच्या तरी घरातल्या टीव्हीला नेमका तोच भाग हवा असतो.